औषधचाचणीतील रुग्ण आणि त्याचा घरचा वैद्य

काही काळापूर्वी एका सायंकाळी आमच्या चिकित्सालयात एक माता, तिची विवाहित कन्या आणि २६ वर्षांचा पुत्र असे तिघे आले. हे कुटुंब आमच्याकडे अनेक वर्षांपासून येत आहे. मुलाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा विकार जडला. शहरातील मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी कानातले आवाज पुष्कळसे थांबले होते. पण अभियांत्रिकी पदविका हाती असूनही तो घराबाहेर पडत नव्हता, मित्रांना टाळत होता आणि दिवसाचा बराचसा वेळ अंथरुणात काढीत होता. आईने पिशवीतून कागदांचा एक जुडगा काढून आमच्या टेबलावर ठेवला. शहरातील एका रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. पूर्वीची गोळी चालू ठेवून तिच्या जोडीला नवी गोळी द्यावयाची, अशी तिची योजना होती. तीत सहभागी होणार का, अशी विचारणा तेथील डॉक्टरांनी केली होती. माहितीपत्र व संमतिपत्र मिळून १६ पाने होती.

"डॉक्टर, तुम्ही आमच्या घरचेच. सही करू की नको, एवढंच सांगा," आई म्हणाली. बहिणीने शेवटच्या पानावरील एका रकान्यावर बोट ठेवले. तेथे नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, पत्ता व नाते लिहावयाचे होते. "विम्याच्या कागदावर असतं तसं हे कशाला हो विचारतात? माझ्या भावाला काही होणार आहे का?"

मुलगा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याला आम्ही काहीच विचारले नाही. ही आमची पहिली चूक. दुसरी पुढे ओघाने येईल.

वैद्यबंधूंनो, असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल आणि यापुढे अधिक वेळा येईल. रुग्णालयातील तज्ज्ञांपेक्षा घरच्या वैद्यावर कुटुंबाचा विश्वास अधिक असतो. त्या विश्वासापोटी आपण एका शब्दात होकार वा नकार देऊन मोकळे होतो. तसे करणे योग्य नव्हे असे आमचे अनुभवांती मत झाले आहे. त्याची कारणे या लेखात मांडीत आहोत.

चाचणी म्हणजे नेहमीचा उपचार नव्हे

रुग्णाच्या आप्तांचा सर्वसाधारण समज असा असतो की, मोठ्या रुग्णालयात नवे औषध मिळणार म्हणजे अधिक चांगले औषध मिळणार. हा समज प्रथम दूर करावा लागतो. उपचारात वैद्य समोरच्या रुग्णाची प्रकृती पाहून मात्रा ठरवितो व बदलतो. चाचणीत मात्रा, कालावधी आणि तपासण्या आधीच लिहिलेल्या आराखड्यानुसार होतात. कोणाला नवे औषध द्यावयाचे आणि कोणाला तुलनेचे औषध वा प्लासिबो द्यावयाचा, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे जणू चिठ्ठी टाकून, ठरते. प्लासिबो म्हणजे दिसावयास तशीच, परंतु औषधी द्रव्य नसलेली गोळी. दुहेरी अंध पद्धतीत रुग्णाला व तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कोणाला काय मिळते आहे हे ठाऊक नसते. संकटसमयी मात्र ते उघड करण्याची सोय ठेवलेली असते.

स्किझोफ्रेनियाच्या चाचणीत रुग्णाची स्थिती मोजण्यासाठी बहुधा 'पॅन्स' ही मापनपद्धती वापरतात. तीत ३० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ७ गुण देतात. म्हणजे एकूण गुण कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त २१० होतात. भास, संशय, विस्कळीत विचार हा एक गट, भावशून्यता व समाजापासून अलिप्तता हा दुसरा आणि चिंता, उदासीनता इत्यादी सामान्य लक्षणांचा तिसरा. हे गुण रक्त तपासून मिळत नाहीत, रुग्णाशी दीर्घ संभाषण करूनच द्यावे लागतात. शिवाय वेळोवेळी रक्ततपासणी, हृदयाचा आलेख, वजन व रक्तदाब यांची नोंद होते. काही चाचण्यांत पूर्वीचे औषध काही दिवस थांबवून शरीर त्यापासून मोकळे करतात. या काळात आजार उलटण्याचा धोका असतो. म्हणून 'जुनी गोळी चालू राहणार की बंद होणार?' हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने सर्वांत आधी विचारला पाहिजे.

नामनिर्देशित व्यक्तीच्या रकान्याचे स्पष्टीकरणही येथेच देतो. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ यांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत वैद्यकीय व्यवस्था आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे. मृत्यू ओढवल्यास भरपाई कोणाला द्यावयाची हे आधी ठाऊक असावे, म्हणून तो रकाना असतो. तो अनिष्टाचे भाकीत नव्हे, कुटुंबाच्या हक्काची नोंद आहे. त्या बहिणीला आम्ही हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा थोडा सैल झाला. मात्र धोका मुळीच नाही, असे आम्ही म्हटले नाही. तसे म्हणणे असत्य ठरले असते.

सर्पगंधेपासूनचा प्रवास

अशा चाचण्यांची गरज तरी काय, असा प्रश्न आपल्या वर्तुळात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्याच एका वनस्पतीच्या इतिहासात सापडते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर सर्पगंधेच्या उपयोगासंबंधी लेख प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा अहवाल दिला. १९५७ सालच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन या दोघांचाही समावेश होता.

या कथेचा पूर्वार्ध आपण अभिमानाने सांगतो. उत्तरार्धही सांगावयास हवा. रेसर्पिनने रक्तदाब फार उतरतो, सुस्ती येते, काहींना खोल उदासीनता येते, असे पुढे दिसून आले. १९५२ मध्ये पॅरिस येथे डिले व डेनिकर यांनी मनोविकारात वापरलेले क्लोरप्रोमाझिन अधिक सोयीचे ठरले आणि रेसर्पिन मागे पडले. गुण व दोष या दोहोंचे ज्ञान रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणातूनच झाले. त्या काळी मनोरुग्णालयातील रुग्णाची लेखी संमती घेण्याची आजच्यासारखी सक्ती नव्हती. ज्यांच्या शरीरावर हे ज्ञान सिद्ध झाले त्यांची नावे कोणत्याही पुरस्कारपत्रावर नाहीत.

चाचणीने रुग्णांचे जीवन बदलल्याचे ठळक उदाहरण क्लोझापिनचे आहे. फिनलंडमध्ये १९७५ साली पांढऱ्या रक्तपेशी घातक प्रमाणात कमी होऊन काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत हे औषध मागे घेण्यात आले. पुढे इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर अमेरिकेत सहा आठवड्यांची चाचणी झाली व १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्णांत निश्चित सुधारणा दिसली, तर क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांत केवळ ४ टक्के. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर हे औषध पुन्हा वापरात आले. त्या २६८ जणांनी सहभाग घेतला नसता तर हे घडले नसते.

अलीकडील उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्याच्या रचनेवरून १९९० च्या दशकात झॅनोमेलिन हे द्रव्य विकसित झाले. अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचणीत भ्रम व भास कमी झाल्याचे आढळले, परंतु मळमळ, उलटी इत्यादी त्रासांमुळे अनेकांनी औषध सोडले. पुढे शरीरातील हे त्रास रोखणारे ट्रॉस्पियम त्याच्या जोडीला देण्यात आले. १८२ रुग्णांवरील पाच आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पॅन्सचे गुण या जोड औषधाने सरासरी १७.४ ने, तर प्लासिबोने ५.९ ने उतरले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. यावरून कोणी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला सुपारी चघळण्याचा सल्ला देऊ नये. सुपारी कर्करोगकारक आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे.

सर्वच चाचण्या अशा यशस्वी होत नाहीत. त्याच गटातील एम्राक्लिडिन या औषधाकडून मोठ्या आशा होत्या. परंतु दुसऱ्या टप्प्यातील दोन चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. ज्या कुटुंबाला आपण यशाची कथा सांगतो त्याला ही कथाही सांगावी.

संमती कोणाची?

पुन्हा आमच्या चिकित्सालयाकडे वळू. 'सही करू का?' असे आई विचारीत होती. पण सही तिची नव्हतीच. सज्ञान रुग्णाची संमती त्याने स्वतः द्यावयाची असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मनोविकार जडलेल्या व्यक्तीला निर्णयक्षम मानूनच पुढे जातो. संशोधनातील सहभागासाठी त्या व्यक्तीची मुक्त व माहितीपूर्ण संमती कायद्याने आवश्यक केली आहे. व्यक्ती संमती देण्यास असमर्थ असेल तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते.

'पण या रुग्णांना काय कळणार?' हा आक्षेप आम्ही वैद्यांकडूनही ऐकतो. २००० साली अमेरिकेतील मेरीलँड येथील संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या ३० रुग्णांची आणि २४ निरोगी व्यक्तींची संमतीविषयक समज तपासली. आरंभी रुग्णांचे गुण कमी आले. नंतर तीच माहिती त्यांना सावकाश, पुन्हा पुन्हा समजावून देण्यात आली, तेव्हा त्यांचे गुण निरोगी व्यक्तींच्या बरोबरीला पोहोचले. समजण्यातील उणिवेचा संबंध भासभ्रमांपेक्षा बौद्धिक मांद्याशी अधिक होता, असेही दिसले. सोळा पाने एका बैठकीत वाचून दाखविणे म्हणजे समजावणे नव्हे, हा त्यातून घ्यावयाचा बोध.

चरकसंहितेतील चिकित्साचतुष्पाद आपण सर्वांनी पाठ केले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. त्यांपैकी रोग्याच्या गुणांत स्मृती, निर्देशकारित्व व अभीरुत्व यांच्यासह ज्ञापकत्व सांगितले आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते सांगू शकणे. उन्मादाच्या वर्णनात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. त्यावरून आपण परभारे असे ठरवून टाकतो की, या रुग्णाजवळ ज्ञापकत्व उरलेलेच नाही. मग आईला विचारतो, बहिणीला विचारतो, त्याला विचारीत नाही. पॅन्सची संपूर्ण मापनपद्धती ज्या संभाषणावर उभी आहे ते संभाषण रुग्णाच्या ज्ञापकत्वावरच चालते. चाचणी त्याच्या बोलण्यावर विसंबून राहते आणि संमतीच्या वेळी मात्र घर व वैद्य त्याला बोलू देत नाहीत, ही विसंगती आहे.

संमतीत दडपण शिरले म्हणजे काय होते, याचा दाखला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील प्रकरणात मिळतो. डॅन मार्किंगसन हा तरुण २००३ च्या अखेरीस तीव्र मनोविकाराने रुग्णालयात दाखल झाला. उपचारयोजना पाळण्याच्या अटीवर सक्तीच्या भरतीचा न्यायालयीन आदेश स्थगित ठेवलेला असतानाच त्याची एका औषधचाचणीसाठी संमती घेण्यात आली. त्याच्या आईने त्याची प्रकृती बिघडत असल्याच्या तक्रारी वारंवार केल्या. मे २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. औषधामुळेच हे घडले असे म्हणता येत नाही. पण नकार दिला तर सक्तीची भरती होईल, या छायेखाली दिलेली संमती मुक्त मानावी का, हा प्रश्न उरला. २००९ मध्ये मिनेसोटा राज्याने अशा आदेशाखालील रुग्णांना मानसोपचार औषधांच्या चाचणीत घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. २०१५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनीही या प्रकरणावर कठोर टीका केली.

आपल्याकडे दडपण बहुधा न्यायालयाचे नसते, ते घरचे असते. 'एवढं कर, म्हणजे तुझं लग्न जमेल,' असे म्हणणारे काका असतात. 'मोठ्या डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं?' असा संकोच असतो. प्रवासभत्त्याची रक्कमही गरजू घरात मोठी वाटते. आणि 'आमचे वैद्य म्हणाले म्हणून,' हेही दडपणच होय.

आपली औषधे आणि त्यांचे मौन

आता दुसरी चूक. त्या मुलाला आम्ही दोन वर्षे ब्राह्मीघृत व सारस्वतारिष्ट देत होतो. ते त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना आम्ही कधीही लेखी कळविले नव्हते. संमतिपत्रात 'सध्या चालू असलेली सर्व औषधे, वनौषधींसह' असा रकाना होता. तो वाचून आम्ही आईला विचारले की, याखेरीज आणखी काही चालू आहे का. काही वेळ ती बोलली नाही. मग पिशवीतून एक लहान बाटली काढली. आत सर्पगंधेच्या गोळ्या होत्या. झोप लागत नाही म्हणून एका औषधी दुकानातून, चिठ्ठीवाचून, तिने त्या आणल्या होत्या. आठ महिने ती रोज रात्री दोन गोळ्या कुटून दुधातून देत होती. मुलाला हे ठाऊक नव्हते.

मुलगा प्रथमच बोलला. आवाज चढवून नव्हे, अगदी साधेपणाने. "म्हणजे एक चाचणी आधीपासूनच चालू होती. मला न विचारता."

आई रडू लागली. आम्ही रक्तदाब पाहिला. तो ९६/६० होता. त्याचे दिवसभर अंथरुणात पडून राहणे, जे सर्वांनी मूळ विकाराचे लक्षण धरले होते, त्यात या गोळ्यांचा वाटा किती होता? मेंदूतील ज्या डोपामिनच्या कार्याला मानसोपचाराच्या गोळ्या अडवितात त्याचाच साठा रेसर्पिन रिकामा करते. दोन्ही एकत्र आल्यास सुस्ती, अंगाचा ताठरपणा, रक्तदाबाची घट आणि उदासीनता वाढू शकते. या अवस्थेत तो चाचणीत गेला असता तर नव्या औषधाच्या माथी नसलेला दोष बसला असता, किंवा त्याच्या जिवावर बेतले असते. आम्ही त्याच वेळी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना दूरध्वनी केला आणि त्यांच्या सल्ल्याने सर्पगंधा बंद केली.

आपली औषधे सौम्य आहेत, त्यांनी काय होणार, ही भूमिका आता सोडावयास हवी. १९९२ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्र संशोधकांनी एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके अचानक आवरेनासे झाले होते. दोघेही शंखपुष्पीचा एक कल्प घेत होते. रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरली होती. पुढे उंदरांवरील प्रयोगात ही आंतरक्रिया दिसून आली. त्रिकटूतील पिप्पली व मरिच यांत असणारे पायपरीन अनेक औषधांची रक्तातील पातळी वाढवू शकते. क्वेटियापिनसारख्या औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील प्रक्रियेवर त्याचा परिणाम होतो. यष्टिमधु दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तातील पोटॅशियम उतरते, आणि हृदयाच्या आलेखावर परिणाम करणाऱ्या मानसोपचार औषधांसोबत ते धोक्याचे ठरते. अश्वगंधेने काहींना गुंगी येते.

औषधविक्रेते बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे. झोपेसाठी, 'डोकं शांत होण्यासाठी' कोणी औषध मागितले तर ते कोणासाठी आहे आणि तो दुसरे काही घेतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. सर्पगंधायुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. एका बाटलीच्या विक्रीपेक्षा दुकानाची पत मोठी.

आपल्या शास्त्राच्या चाचण्या काय सांगतात?

परक्या औषधांची चाचणी आपण चिकित्सक नजरेने पाहतो, तशीच आपल्याही औषधांची पाहिली पाहिजे. १९७६ मध्ये ब्राह्म्यादियोग व तगर यांची उन्मादातील दुहेरी अंध चाचणी भारतीय मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा चाचण्यांचा आढावा २००७ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला. निकषांना उतरणाऱ्या केवळ तीन लहान चाचण्या सापडल्या आणि त्यांपैकी एकही १२ आठवड्यांपेक्षा दीर्घ नव्हती. प्लासिबोच्या तुलनेत थोडा लाभ दिसला, पण क्लोरप्रोमाझिनच्या तुलनेत वनौषधी घेणाऱ्यांत सुधारणा न होण्याचे प्रमाण अधिक होते, आणि मळमळ व उलटीचा त्रासही अधिक आढळला. हा निष्कर्ष कटू असला तरी आपल्या वाचकांपासून लपवावा असा नाही. मानसोपचाराच्या गोळ्या बंद करून केवळ आपल्या औषधांवर रुग्ण ठेवण्याचे समर्थन आजच्या पुराव्यावर करता येत नाही.

जोड औषध म्हणून चित्र थोडे आशादायक आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे लक्षणे नव्याने बळावलेल्या रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला अश्वगंधेचा प्रमाणित अर्क रोज १००० मिलिग्रॅम किंवा प्लासिबो असा १२ आठवडे देण्यात आला. ६६ रुग्णांच्या माहितीवर आधारलेले निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅन्सचे एकूण गुण तसेच भावशून्यता व सामान्य लक्षणे यांत लाभ दिसला, भासभ्रमांच्या गटात तो दिसला नाही. चाचणी लहान आहे, म्हणून निष्कर्ष जपूनच घ्यावा. पण ती झाली म्हणूनच आज आपण नेमके काहीतरी म्हणू शकतो. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या चाचण्यांसाठी आयुष विभागाने २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. आपल्या चाचणीत रुग्ण सहभागी व्हावेत असे आपल्याला वाटत असेल, तर इतरांच्या चाचणीतील रुग्णाशी आपण कसे वागतो, यावर आपला अधिकार ठरेल.

वैद्याने काय करावे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे पुढील पद्धत ठेवावी.

१. प्रथम रुग्णाशी बोलावे, शक्य तर काही वेळ एकट्याशी. 'तुला काय वाटते?' हा पहिला प्रश्न असावा.

२. माहितीपत्र दोन-तीन बैठकांत विभागून वाचावे. प्रत्येक भागानंतर, काय समजले ते रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगावयास सांगावे.

३. चाचणी भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत नोंदलेली आहे का, ते पाहावे. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली, आणि ती कोणालाही पाहता येते. नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का, हेही पाहावे.

४. रुग्णाने रुग्णालयात विचारावयाचे प्रश्न त्याच्याच हाताने लिहून घ्यावेत. जुनी गोळी बंद होणार का? प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाला कळवावयाचे? चाचणी संपल्यावर पुढे कोणते औषध? मध्येच सोडल्यास नेहमीच्या उपचारात अडथळा येणार नाही ना?

५. आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मात्रा व कालावधी लेटरहेडवर लिहून, सहीनिशी, संशोधकांना द्यावा. चाचणीच्या काळात नवे औषध त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

६. स्वाक्षरी केलेल्या संमतिपत्राची प्रत रुग्णाजवळ राहील असे पाहावे.

७. चाचणीदरम्यान रुग्ण आपल्याकडे आला आणि आत्मघाताचे बोलणे, ताप, ताठरपणा, मूर्च्छा किंवा आजार उलटल्याची चिन्हे दिसली, तर आपण उपचार करीत बसू नये, त्याच क्षणी संशोधकांना कळवावे. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांच्या आत वरिष्ठांना कळविण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. आपल्या विलंबाने ती घडी चुकू नये.

उपसंहार

तो मुलगा तीन आठवड्यांनी पुन्हा आला, या वेळी एकटा. सर्पगंधा थांबल्यावर सकाळची गुंगी बरीच ओसरली होती. मूळची अलिप्तता राहिली होती. हातात वहीचे पान होते, त्यावर पेन्सिलने अकरा प्रश्न लिहिलेले होते. सहा आम्ही सुचविलेले, पाच त्याचे स्वतःचे. त्यांतील एक प्रश्न असा होता: 'मला कोणती गोळी मिळाली हे चाचणी संपल्यावर मला सांगतील का?' आम्हाला तो सुचला नव्हता.

पुढे आमचे पत्र घेऊन तो रुग्णालयात गेला. पूर्वीच्या औषधांचा अंश शरीरातून जावा म्हणून त्याला काही आठवडे थांबविण्यात आले, पुन्हा तपासण्या झाल्या आणि त्याने संमतिपत्रावर स्वतः सही केली. नामनिर्देशित व्यक्तीच्या रकान्यात त्याने आईचे नाव लिहिले. ते त्याने आम्हाला मुद्दाम सांगितले.

चाचणी त्याने पूर्ण केली. आता तो एका नातलगाच्या दुकानात अर्धा दिवस हिशेब पाहतो. ही सुधारणा नव्या औषधाने झाली, सर्पगंधा थांबल्याने झाली, की दर भेटीत कोणीतरी वेळ काढून त्याचे म्हणणे ऐकून टिपून घेत होते त्याने झाली, हे आम्हाला सांगता येत नाही. हे न सांगता येणे म्हणजेच चाचणीची गरज आहे. त्याच्या खिशात आता एक कार्ड असते. त्यावर चालू औषधांची सर्व नावे आहेत, आमचे ब्राह्मीघृतही. ते पुन्हा सुरू करण्यापूर्वी आम्ही त्याला विचारले होते.

वाचक वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी या विषयातील आपले अनुभव, विशेषतः चुकांचे अनुभव, संपादकांकडे अवश्य पाठवावेत, ही विनंती.